पोळी-भाजी केंद्र : पाटीवर ३१ पदार्थ आणि तव्यापाशी रांग. यातले काढायचे कोणते?

सुगरण_चिंचवड

दुकान १६० चौरस फुटांचं, आजूबाजूला सोसायट्या. दोन लोखंडी तवे, तीन शेगड्यांची भट्टी, तळणीची एक कढई, घरचा फ्रिज आणि एक डीप फ्रीझर. माणसं चार: पोळ्यांना दोघी, भाज्यांना एक, काउंटरला एक मुलगा. वेळ ११.३० ते २.३० आणि ६.३० ते ९.३०.

पाटीवर आज ३१ पदार्थ आहेत. पोळी, ज्वारी-बाजरी-तांदळाची भाकरी, चार सुक्या भाज्या, तीन पातळ, आमटी, वरण-भात, मसालेभात, दोन कोशिंबिरी, थालीपीठ, पोहे, उपमा, साबुदाणा खिचडी, बटाटावडा, समोसा, मिसळ, पावभाजी, फ्राइड राइस, मंचुरियन, सँडविच, शिरा, गुलाबजाम, श्रीखंड, ताक, सोलकढी आणि शनिवार-रविवारी पुरणपोळी.

गल्ला रोज ९,५०० ते १०,०००. पोळ्या ३५० ते ४०० जातात, १२ रुपयांना एक. रात्री टाकून द्यावं लागतं ते विक्रीच्या भावाने ९०० रुपयांच्या आसपास. दुपारी १२.३० ते १.३० पोळीसाठी वीस-वीस मिनिटं थांबावं लागतं, काही जण वैतागून निघून जातात. घरच्यांचं म्हणणं, पदार्थ जास्त तर गिऱ्हाईक जास्त. मला ते आता पटत नाही, पण काय काढायचं आणि कशावरून ठरवायचं?

हिशेबनीस

आधी काहीही काढू नका. १४ दिवस एक वही ठेवा. प्रत्येक पदार्थापुढे चार रकाने: किती केलं, किती विकलं, किती टाकलं आणि *किती वाजता संपलं*. चौथा रकाना बहुतेक जण ठेवत नाहीत, आणि खरं उत्तर त्यातच असतं. फ्लॉवर-बटाटा रोज १.१० ला संपत असेल तर तुमच्या वहीत तो 'सगळा विकला' म्हणून छान दिसतो. प्रत्यक्षात दीडला आलेल्यांनी काहीतरी दुसरं नेलं किंवा काहीच नेलं नाही. चौदाच दिवस का, तर त्यात प्रत्येक वार दोनदा येतो आणि एखादी एकादशी-चतुर्थीही सापडते. आठवडाभराच्या नोंदीवर निर्णय घेतलात तर एका पावसाळी मंगळवारामुळे चांगला पदार्थ बाद होईल.

मग नफा काढा, पण टक्क्यांत नव्हे. टक्क्यांनी हमखास फसायला होतं. तुमच्या दुकानात कमी पडतंय ते काय? जागा नव्हे, पैसा नव्हे, दुपारचा तवा कमी पडतोय. तेव्हा दर पदार्थ *तव्याच्या एका मिनिटाला* किती रुपये देतो ते बघा.

पोळी: एक किलो कणकेच्या ३६ धरा. कणीक ४५ रुपये किलो पडत असेल तर पोळीमागे सव्वा रुपया, तेल-गॅस-कागद मिळून आणखी सव्वा. अडीच रुपये खर्च, साडेनऊ हातात. एका तव्यावर तासाला ७० निघतात, म्हणजे मिनिटाला सव्वाच्या जरा खाली. मिनिटाला ११ रुपये.

थालीपीठ: किंमत ४० असेल, सामान लोण्यासकट १४, हातात २६. ऐकायला पोळीपेक्षा भारी. पण ते मंद आचेवर, झाकण ठेवून, दोन्हीकडून सहा मिनिटं तवा अडवतं. मिनिटाला सव्वाचार. पाऊण वाजता लावलेल्या एका थालीपिठाने २६ रुपये मिळवून दिले आणि त्याच सहा मिनिटांत होणाऱ्या सात पोळ्यांचे ६६ रुपये अडवले, शिवाय रांग वाढवली ती वेगळीच.

हे गणित फक्त रांग असते तेव्हाच खरं. संध्याकाळी साडेसहाला तवा मोकळा असेल तर थालीपीठ म्हणजे निव्वळ कमाई. म्हणून थालीपीठ काढू नका, त्याची वेळ बदला: ६.३० ते ७. बऱ्याच पदार्थांचं असंच निघेल. पदार्थ वाईट नसतो, चुकीच्या तासाला असतो.

रांगेची किंमतही मांडा. परत जाणारं गिऱ्हाईक सहा पोळ्या आणि ४५च्या दोन भाज्या नेणारं असेल तर ७२ अधिक ९०, १६२ रुपये. रोज दहा परत गेले तर १,६२० ची विक्री गेली. मंचुरियन, फ्राइड राइस आणि सँडविच मिळून दिवसाला एवढी विक्री देतात का, ते वहीत बघा.

पोळपाट_लाटणं

हिशेब बरोबर आहे. पण पदार्थ कमी करून पोळीवर उभं राहायचं तर ती पोळी चार तासांनी डब्यात मऊ असली पाहिजे, नाहीतर पाटी लहान करून काय मिळवलंत?

एक किलो कणकेला ६२० ते ६५० मिली पाणी, ३० मिली तेल, १० ते १२ ग्रॅम मीठ. गहू लोकवन असेल तर पाणी खालच्या बाजूला, शरबती-सिहोर बरंच पितो. भिजवून ओल्या फडक्याखाली निदान अर्धा तास मुरू द्या. एकदम ११ किलो मळून ठेवू नका, चार-चार किलोचे घाणे करा. एप्रिल-मेमध्ये तीन तासांवर गेलेली कणीक सैल पडते, आंबूस लागते आणि पोळी काळपट दिसते.

गोळा वजनावर. ४५ ग्रॅमचा गोळा असेल तर किलोत ३७ च्या आसपास बसतात (लाटताना-चिकटताना जातं ते धरून ३६). हात सैल पडून ५२ ग्रॅमचा झाला की ३२. चारशे पोळ्यांना ११ किलो कणीक लागायची तिथे साडेबारा. तेवढंच नाही, जाड पोळी तव्यावर दहा सेकंद जास्त बसते, म्हणजे वर सांगितलेला तवाही गेला. पहिले दहा गोळे काट्यावर करून ताटात समोर ठेवा, बाकीचे त्यांच्याकडे बघून.

पोळी चिवट होते त्याची कारणं, जास्त आढळणारं आधी. तवा पुरेसा तापलेला नाही: पोळी भाजण्याऐवजी सावकाश वाळते, आतलं पाणी उडून जातं. चिमूटभर पीठ तव्यावर टाका. पाच-सहा सेकंदांत बदामी झालं तर ठीक, टाकताक्षणी काळं पडलं तर आच जास्त. दुसरं, कणीक घट्ट, कारण सैल कणीक लाटायला त्रास होतो म्हणून बायका पाणी कमी घालतात. तिसरं, लाटताना परथन जास्त. ते कोरडं पीठ तव्यावर जळतं आणि पुढच्या पोळीला ठिपके पाडतं. दर पंधरा-वीस पोळ्यांनी तवा कोरड्या फडक्याने पुसायचा. चौथं, पंखा. तव्याच्या जवळ थप्पी ठेवून वर पंखा लावला की वरच्या चार पोळ्या पापड होतात.

आणि गरम पोळी थेट बंद करू नका. वाफेचं पाणी होऊन खालच्या पोळ्या लगदा होतात. जाळीवर मिनिटभर, मग सुती फडकं घातलेल्या डब्यात. गिऱ्हाइकाला देताना बटर पेपर. प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर २०१८ पासून राज्यात बंदी आहेच, पण बंदी नसती तरी पोळीला ती वाईटच.

११.३० ते १२.१५ मध्ये ८० पोळ्या पुढच्या करून ठेवा. पाऊण तासात खपल्या पाहिजेत. एवढ्यानेच रांग निम्मी होईल.

भाकरतुकडा

एक धोक्याची सूचना. वहीत 'कमी विकलं' दिसलं म्हणून भाकरी उडवू नका.

ज्वारीची भाकरी दिवसाला पंधराच जात असेल. पण त्या पंधरा कोण नेतं? घरात एकाला साखर आहे म्हणून दोन भाकऱ्या, आणि त्यासोबत बाकीच्यांसाठी आठ पोळ्या, तीन भाज्या. भाकरी बंद केलीत तर अख्खी पिशवी शेजारच्या दुकानात जाते. म्हणून बिलं बघा: तो पदार्थ ज्या बिलात आहे त्या बिलाची एकूण रक्कम किती. बिलं छापत नसाल तर मुलाला आठवडाभर साध्या खुणा करायला सांगा, भाकरी असलेल्या बिलावर गोल. बटाटावडा बघा, बहुधा एकटा विकला जातो. भाकरी कधीच एकटी जात नाही.

पण तीन भाकऱ्या नकोत. ज्वारी रोज, बाजरी मार्गशीर्ष ते माघ, तांदळाची बंद. कारण पीठ. ज्वारीचं पीठ दळून आठ-दहा दिवस झाले की विरी जातं, थापताना कडा चिरतात आणि भाकरी फुगत नाही; मग दोष थापणारीला. तीन पिठं थोडी-थोडी खपत असतील तर तिन्ही कायम जुनी. एकच ठेवलं तर पाच किलो आठवड्यात संपतं, ताजं राहतं. उकळतं पाणी घालून भिजवा, एका वेळी दोन-तीन भाकऱ्यांपुरतंच मळा.

भाकरीसुद्धा तवा तीन-साडेतीन मिनिटं अडवते, तेव्हा ऑर्डर सकाळी ११ पर्यंत फोनवर आणि ११ ते ११.४५ मध्ये थापून मोकळं. साडेबाराला आलेल्याला नाही म्हणायचं.

हिशेबनीस

@भाकरतुकडा, बिलाच्या रकमेचा मुद्दा मान्य. तो पाचवा रकाना धरा.

उसळ_तर्री

पोळीबद्दल झालं, भाज्यांबद्दल कोणी बोलेना. टाकून देताय त्यातला मोठा भाग तिथलाच असणार.

रोज चार सुक्या, तीन पातळ आणि आमटी म्हणजे आठ पातेली, तीन शेगड्या, एक बाई. गणित तिथेच बिघडलं. रोज *दोन सुक्या, एक उसळ किंवा पातळ, एक आमटी*. वैविध्य हवं ना? ते आठवड्यात द्या, एका दिवसात नको. बटाट्याची सुकी भाजी कायम, कारण ती पोरांसाठी जातेच. दुसरी सुकी वाराप्रमाणे बदलती: सोमवारी कोबी, मंगळवारी भेंडी, बुधवारी फ्लॉवर-मटार, असं. पातळमध्ये मटकी, भरली वांगी, पालक-डाळ, चवळी, शेवग्याची शेंग, पिठलं. दिवसाला चार, आठवड्यात चौदा-पंधरा. गिऱ्हाइकाला वार पाठ होतो आणि 'आज भेंडी ना?' म्हणून तो स्वतःहून येतो. रोज सगळंच मिळत असेल तर वाट कशाची बघायची?

निवडण्याचे तास मोजा. मेथी काड्यांसकट एक किलो आणली तर भांड्यात अर्धा किलोच्या आसपास येते, आणि पाच जुड्या निवडायला एका बाईची ३५-४० मिनिटं. फ्लॉवरचा पाला-दांडा गेला की किलोचे साडेसहाशे ग्रॅम. गवारीच्या शिरा काढायच्या तर मेथीपेक्षा वाईट. म्हणून मेथी आणि गवार एकाच दिवशी कधीही लावू नका. मेथीच्या दिवशी जोडीला दुधी किंवा कोबी. भाजीचा भाव तर सगळेच बघतात. निवडून, शिजवून वाटीत पडलेल्या दीडशे ग्रॅमला किती पडलं ते बघायला हवं. वाढायचा डाव ठरवा, ७५ ग्रॅमचा, दोन डाव एक वाटी. पाच किलो शिजलेल्या भाजीत ३३ वाट्या यायला हव्यात. २८ आल्या तर मुलाचा हात सढळ आहे.

वाटणं दोनच. भाजलेला कांदा-सुकं खोबरं, आणि आलं-लसूण-हिरवी मिरची. जोडीला दाण्याचं कूट आणि गोडा मसाला, झाली सगळी भाजी. पहिलं वाटण आठवड्यातून दोनदा करा, २५० ग्रॅमच्या पुड्या फ्रीझरमध्ये. ओलं खोबरं त्यात घालू नका, लवकर आंबतं. मिसळ, पावभाजी, मंचुरियन हे प्रत्येक आपापला मसाला, आपापला पाव, आपापलं सॉस मागतात. म्हणून ते तिघे जड.

फ्राइड राइसबद्दल पैशापलीकडचं कारण. तो उरलेल्या भातावर चालतो. भात शिजवून तासन् तास बाहेर राहिला की त्यात जिवाणू वाढतात आणि त्यांचं विष पुन्हा परतून जात नाही. तो उथळ थाळ्यांत पसरून दोन तासांच्या आत थंड करून ५ अंशांखाली ठेवायला हवा. घरच्या एका फ्रिजमध्ये दुपारच्या वेळी हे जमणार आहे का? मग बंद.

एकभुक्त

साबुदाणा खिचडी रोज करता? रोज कशाला? दोन्ही एकादश्या, संकष्टी, श्रावणी सोमवार, महाशिवरात्र, नवरात्र, आणि वहीत दिसला तर गुरुवार. एरवी नाही. किलोभर साबुदाणा, ४०० ग्रॅम कूट, अर्धा किलो बटाटा यात २०० ग्रॅमच्या १३-१४ प्लेट. अर्ध्या-अर्ध्या किलोचे घाणे लावा. तासाभराने खिचडी निवते, दाणा कडक होतो आणि परत गरम केली की गोळा.

श्रावणात चारपैकी एक भाजी कांदा-लसणाशिवाय ठेवा आणि तसं फळ्यावर लिहा. नवी भाजी नको, तीच दुधी-हरभराडाळ चालते.

पुरणपोळी शनिवार-रविवार करून ठेवणं बंद, शुक्रवारपर्यंत ऑर्डर आणि अर्धे पैसे आगाऊ. किलो डाळ, किलो गूळ यात मध्यम आकाराच्या ३० ते ३२ होतात, म्हणजे ऑर्डर ३० च्या पटीत बसवता येते. कट (डाळ शिजवलेलं पाणी) फेकू नका, त्या दिवशीची आमटी तीच.

सुगरण_चिंचवड

सगळ्यांचे आभार. वही उद्यापासून सुरू. तोपर्यंत कच्ची यादी: पोळी, ज्वारी भाकरी, दोन सुक्या, एक पातळ, एक आमटी, वरण-भात, मसालेभात, काकडीची कोशिंबीर, थालीपीठ संध्याकाळी, बटाटावडा, पोहे, उपमा, शिरा, ताक. पंधरा. उपास आणि पुरणपोळी वेगळे. मिसळ फक्त रविवारी ठेवू का? आणि बंद केलेल्याबद्दल गिऱ्हाइकाला काय सांगायचं?

हिशेबनीस

पंधरातले पोहे, उपमा, शिरा कोणासाठी? दुकान ११.३० ला उघडतं, ते नाश्त्याचे पदार्थ. वहीत खप दिसला नाही तर तिन्ही काढा. वरण-भात आणि मसालेभात यांतलाही एकच रोज, मसालेभात मंगळवार-शुक्रवार. बटाटावड्याचं वहीवर सोडा, कढई तव्याच्या आड येत नाही. मिसळ रविवारी चालेल, शनिवारी मटकीची उसळ असेल तरच. मटकी दुप्पट भिजवायची, निम्मी मोड येऊन रविवारसाठी फ्रिजमध्ये. मिसळीसाठी वेगळी मटकी, वेगळी तर्री सुरू केलीत की पुन्हा ३१ व्हायला वेळ लागणार नाही.

एकदम सगळं बंद करू नका. पहिल्या आठवड्यात चायनीज आणि सँडविच. दुसऱ्या आठवड्यात जास्तीच्या भाज्या. तिसऱ्यात बाकीचं. प्रत्येक टप्प्यानंतर १२.३० ते १.३० मधल्या पोळ्यांचा आकडा बघा. तो वाढत नसेल तर अडचण पाटीत नाही, लाटणाऱ्या हातांत किंवा शेगडीच्या बर्नरमध्ये आहे. वाचलेला वेळ भाज्या करणारीला मोकळं बसवण्यात घालवू नका. १२ ते १.३० तिने फक्त गोळे करून द्यायचे, तेवढ्याने लाटणारीचा हात थांबत नाही.

भाकरतुकडा

गिऱ्हाइकाला 'बंद केलं' म्हणू नका, 'भेंडी मंगळवारी' म्हणा. मंचुरियन विचारणाऱ्याला मात्र सरळ 'आता करत नाही'. 'आज नाही' म्हटलंत तर तो उद्या परत विचारतो आणि पंधरा दिवसांनी तुम्हीच कोबी किसायला घेता.

उसळ_तर्री

आणि नवा फ्लेक्स छापू नका. छापलेला पदार्थ नाही म्हटलं की भांडण होतं. दोन बाय तीनचा काळा फळा, खडू. कायमचे सहा वर रंगाने लिहून घ्या, खाली त्या दिवशीचे चार खडूने. संपलं की त्यावर रेघ मारायची आणि शेजारी वेळ टाकायची. रात्री तोच आकडा वहीत उतरवायचा.

सुगरण_चिंचवड

फळ्याचं आवडलं. डीप फ्रीझर मग रिकामाच राहील असं दिसतंय.

पोळपाट_लाटणं

वाटणाच्या पुड्या घरच्या फ्रिजच्या वरच्या कप्प्यात मावतात. फ्रीझर विका, त्या जागेत तिसरा तवा बसतो. सिलिंडरपासून अंतर आणि वर धुराचा पंखा बघून घ्या, आणि तवा बसवण्याआधी तिसरी लाटणारी शोधा.